सत्तर अंशांचे जिभाऊ

जिभाऊंकडून चहाचं बोलावणं आलं की घरून चहा पिऊन निघावं, हे आमच्या कॉलनीत आता लहान पोरांनाही ठाऊक आहे. तिथे चहा मिळत नाही असं नाही. मिळतो. पण आधी पाणी उकळायचं, मग ते निवू द्यायचं, मग किती निवलं ते बघायचं, मग ते तेवढंच का निवावं लागतं हे ऐकायचं, आणि एवढ्यातून तरलेल्या माणसाच्या हाती शेवटी जी वाटी येते ती अडीच घोटांची असते. तेवढ्या वेळात नंदुरबारच्या हाट दरवाजाला टपरीवर चार कटिंग, एका लग्नाची बोलणी आणि एक सौदा उरकतो.

हा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याच्या हातात चहाऐवजी कॅमेरा असेल, बोन्साय असेल, नाहीतर नाडीपरीक्षा असेल. वाण एकच. वस्तू मिळाल्याचा आनंद त्याला थोडा, ती समोरच्याला समजावून सांगायला मिळाली याचा फार. ऐकणारा मिळाला नाही तर त्याची वस्तूच शिळी होते.

जिभाऊंची हयात मिरचीत गेली. आमच्या बाजार समितीत ओली लाल मिरची येते, लिलाव होतो, आणि व्यापारी तो माल गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर पथारीवर पसरतात. दिवाळी सरली की पुढचे काही महिने शहराच्या कडेची जमीन लाल दिसते, बायका ओळीने बसून देठ खुडतात, आणि आभाळात ढग आला की अख्ख्या बाजाराच्या पोटात गोळा येतो. जिभाऊ तिथले अडत्ये. मूठभर मिरची कानाशी हलवायची, बी कसं वाजतं ते ऐकायचं आणि नमी सांगून टाकायची, अशी त्यांची ख्याती. ओलावा मोजायचं यंत्र आलं तेव्हा लोक म्हणे यंत्राचा आकडा जिभाऊंना विचारून पक्का करत. फापडा कुठली, लाली कुठली, व्हीएनआर कुठली, हे ते दिवे गेले तरी वासावर सांगत. ज्या घरात पाहुण्याला शिंक आली नाही तर माल हलका समजायचे, त्या घराच्या कर्त्याने उतारवयात जगातल्या सगळ्यात नाजूक चवीच्या चहाची कंठी बांधावी, हे कसं झालं ते सांगतो.

मुलगा पुण्यात इंजिनियर झाला, तिथेच जपानी भाषा शिकला आणि तोक्योला गेला. राहतो निशिकासाईला. एदोगावा विभागातली ही वस्ती भारतीयांसाठी ओळखली जाते. याच एदोगावाच्या सभागृहावर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून गेले. ही बातमी जिभाऊंनी बाजार समितीत अशा थाटात सांगितली, की ऐकणाऱ्यांना वाटलं मतदान नंदुरबार तालुक्यातच झालं आणि दोन बूथ जिभाऊंनी सांभाळले.

पहिल्या वर्षी मुलाने सेन्चाचं पाकीट पाठवलं आणि सोबत क्यूसु. क्यूसु म्हणजे जपानी चहाची छोटी किटली. हिचा दांडा मागे नसतो, कुशीत काटकोनात असतो. काकूंनी ती समईत तेल घालायची झारी समजून देवघरात नेऊन ठेवली. सेन्चा मात्र चहाच आहे हे पाकिटावरच्या पानांवरून कळलं, म्हणून त्यांनी तो चहासारखाच केला: अर्धं दूध, अर्धं पाणी, साखर, आलं, वर गवती चहाची दोन पाती. किती उकळलं तरी रंग चढेना, तेव्हा आणखी दोन चमचे टाकले. गाळून पेल्यात जे पडलं ते बघून काकू म्हणाल्या, “हाऊ चहा शे का पालकना काढा?” जिभाऊंनी अर्धा पेला पिऊन लगेच मुलाला फोन लावला, की दुकानदाराने तुला फसवलं, बिल ठेवलं असशील तर माल परत कर.

“आबा, दूध नाही घालायचं त्यात,” मुलगा म्हणाला. “साखरही नाही. आणि उकळतं पाणी नको. सत्तर अंश.”

हा आकडा ऐकला आणि जिभाऊ खुर्चीत सरळ झाले. चवीशी त्यांचं तोवर फारसं देणंघेणं नव्हतं. पण जिथे आकडा आहे तिथे चूक आहे, आणि जिथे चूक आहे तिथे ती दुसऱ्याला दाखवून देता येते.

घरात होता तो तापाचा थर्मामीटर. तो ४२च्या पुढे जात नाही हे काच तडकल्यावर कळलं. मग धुळ्यात शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शून्य ते ११० अंशांची लांब काचेची नळी आली. ती आता जिभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी असते. लग्नाच्या पंगतीत वाढपी आमटी घेऊन वाकला तरी त्यांचा हात खिशाकडे जातो.

कारण ते सांगतात, आणि कारण खरं आहे. पानातले कडू-तुरट घटक कडक पाण्यात भराभर उतरतात. गोडसर, भरीव चव देणारी अमिनो आम्लं, त्यांत मुख्य थिएनिन, कोमट पाण्यातही उतरतात. म्हणून सेन्चाला सत्तर ते ऐंशी अंश, आणि ज्याची झुडपं खुडणीआधी तीनेक आठवडे सावलीत झाकून ठेवतात त्या ग्योकुरोला पन्नास ते साठ. भाजलेल्या पानांच्या होजिचाला मात्र खुशाल उकळतं पाणी चालतं. काकूंना आवडतो तो हाच. उकळा, ओता, प्या. मध्ये व्याख्यान नाही. जिभाऊ होजिचाचा उल्लेख नापास झालेल्या पुतण्यासारखा करतात.

ग्योकुरोचा मोसम त्यांनी मे महिना ठरवला आहे. मे महिन्यात आमचा पारा ४३-४४ला टेकतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी तीनला नळाला जे पाणी येतं त्याने अंघोळ करायची कुणाची छाती नाही. जिभाऊ त्यात नळी बुडवून समाधानाने मान हलवतात. “उजीच्या माणसाला यासाठी गॅस जाळावा लागतो,” म्हणतात. उजी हे क्योतोजवळचं नामांकित चहाचं गाव. तिथल्या माणसाची कीव करायची संधी नंदुरबारला वर्षातून एवढी एकच मिळते. काकूंनी मात्र टाकी शेवटची कधी धुतली होती असं विचारलं, तेव्हापासून टाकीचं पाणी फक्त पाहुण्यांना दाखवायचं असतं. चहाला फिल्टरचं घेतात.

घरात जिन्याखाली एक खोली आहे. चाळीस वर्षं तिथे मिरचीच्या नमुन्यांच्या पिशव्या असत. जिन्याखालची असल्याने दार बुटकं. जिभाऊंनी सेन नो रिक्यूबद्दल वाचलं आणि त्या बुटक्या दाराचं सोनं झालं. रिक्यू (१५२२–१५९१) हा जपानी चहाविधीला साधेपणाचं वळण देणारा माणूस. त्याच्या परंपरेतल्या चहाखोलीचं दार सव्वादोन फुटांच्या आसपास असतं. सामुराई असला तरी त्याने तलवार बाहेर ठेवायची आणि वाकून, गुडघ्यांवर आत सरकायचं. आत सगळे सारखे. आमच्याकडे तलवारी नसल्याने जिभाऊ मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. सतरंजी, कोपऱ्यात एक चित्र, त्याच्याखाली पितळी तांब्यात एकच फूल. फाल्गुनात ते पळसाचं असतं, आणि खोटं कशाला सांगू, ते दिसतं फार छान.

अडचण खोलीची आहे. भिंतींना चुन्याचे दोन हात दिले, फरशी सोड्याने धुतली, पण चाळीस वर्षांचा ठसका चुन्याला जुमानत नाही. विधीत मौन पाळायचं असतं. पाणी ओतल्याचा आवाज ऐकायचा, चासेन नावाच्या बांबूच्या घुसळणीचा आवाज ऐकायचा. आमच्याकडे पाणी ओतलं जातं, जिभाऊ डोळे मिटतात, आणि पहिल्या ओळीतला कोणीतरी शिंकतो. मग दुसरा. पंखा लावावा तर भिंतीतली उरलीसुरली लवंगी जागी होते. स्वतः जिभाऊंना काहीच होत नाही. त्यांना वाटतं लोकांच्या मनाला शांतता सोसत नाही.

सारंगखेड्याचे त्यांचे व्याही या खोलीत आले त्या दिवशी मी होतो. व्याह्यांचं आयुष्य दत्तजयंतीच्या घोडेबाजारात घोड्यांचे दात बघण्यात गेलेलं. आत सरकताना त्यांचं धोतर अडकलं, ते काही बोलले नाहीत; पाहुणे माणूस. जिभाऊ माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची बारीक पूड, घुसळत होते आणि मौन पाळण्याचं महत्त्व सांगत होते. ११९१ साली एइसाई नावाचा भिक्षू चीनमधून चहाचं बी घेऊन जपानला आला, इथून त्यांनी सुरुवात केली. १७३८ साली नागातानी सोएनने उजीत पानं वाफवून, वळून सुकवायची रीत बसवली, तिथे पोहोचले. मग मागे फिरून रिक्यूवर आले. व्याह्यांनी वाटी उचलून ओठांना लावली तेव्हा जिभाऊ म्हणाले, “आणि १५९१ साली हिदेयोशीने या माणसाला पोट चिरून मरायचा हुकूम दिला.”

व्याह्यांनी वाटी खाली ठेवली. “चहावरून?”

“कारणाबद्दल अजून वाद आहे.”

“मग आपण साधाच घेतला असता.”

पुढे वाटी निरखायची असते, असं जिभाऊंनी सांगितलं. पाहुण्याने चहा संपल्यावर वाटी हातात फिरवून घडण बघायची, बूड बघायचं. व्याह्यांच्या कानात ‘बूड बघायचं’ एवढंच शिरलं आणि हात सवयीने चालला. त्यांनी वाटी उलटी केली. चहा संपलेला नव्हता. सतरंजीवर हिरवा डाग आहे, अजून आहे. पण वाटीत तळाला जे राहिलं होतं ते त्यांनी असा काही फुरका मारून ओढलं, की जिभाऊ आनंदाने मांडीवर थाप मारून म्हणाले, “हे बरोबर!” चहाविधीत शेवटचा घोट आवाज करून घ्यायचा असतो, यजमानाला कळावं की संपलं. त्या दिवशी नियमाप्रमाणे झालेली ती एकमेव गोष्ट, आणि ती व्याही जन्मापासून बशीवर करत आलेले.

माच्चाच्या बाबतीत मात्र या माणसाला हसता येत नाही. मुलाने पहिला डबा आणला तेव्हा जिभाऊंनी तो हुंगलाही नाही. एक चिमूट पांढऱ्या कागदावर ठेवली आणि बोटाने ओढली. मग कपाटातून आपली मिरचीपूड काढली, तिची चिमूट शेजारी ओढली. एक हिरवी रेघ, एक लाल रेघ. हिरवी रेघ मुलायम, अखंड उतरली होती, कुठे कण तुटलेला नाही. “माल चांगला आहे,” म्हणाले. नंतर कळलं की माच्चाची पारख करणारे तिकडेही कागदावर असंच बोट ओढून बघतात. हे जिभाऊंना कोणी शिकवलं नव्हतं.

मग त्यांनी मुलाकडून सगळी रीत काढून घेतली. खुडणीआधी झुडपांवर सावली धरायची, कारण उन्हात थिएनिन घटतं आणि तुरटपणा वाढतो. पानं वाफवून सुकवायची, देठ आणि शिरा काढून टाकायच्या, आणि उरेल ते दगडी जात्यावर दळायचं. “तिकडे झाडाला सावली, इकडे फळाला ऊन,” जिभाऊ म्हणाले, “पण देठ दोघांनाही नको.” उजेडाने रंग उडतो, दमट हवेने वास जातो, जातं तापलं की दोन्ही जातं, हे त्यांनी मुलालाच सांगितलं, मिरचीने त्यांना हे पैसे बुडवून शिकवलं होतं. जात्याचा वेग ऐकून तेवढे ते हबकले. एका दगडी जात्यातून तासाला तीस-चाळीस ग्रॅम माच्चा निघतो. “तासाला चाळीस ग्रॅम?” ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. “आपल्या डंकात तेवढं तर झटकलं की निघतं.” त्या दिवसापासून माच्चाच्या किमतीबद्दल त्यांनी तक्रार केलेली नाही. ज्याला मजुरीचा हिशेब कळतो त्यालाच असली किंमत कळते, आणि जिभाऊंना तो कळतो. बाकी आम्ही सगळे फुकट प्यायचो आणि महाग म्हणायचो.

चहा आला की मागोमाग जेवण येतं. २०१३ साली युनेस्कोने वाशोकू, म्हणजे जपानी लोकांची पारंपरिक आहाररीत, मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. हे कळल्यावर जिभाऊंनी कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे आणि शेवभाजी याच यादीत घ्यावी असं निवेदन तयार केलं आणि कॉलनीत सह्या गोळा केल्या. सह्या भरपूर मिळाल्या. बऱ्याच जणांना ते पाण्याच्या टाकीबद्दल आहे असं वाटलं.

मिसोचा प्रयोग दीर्घ चालला. शिजवून ठेचलेलं सोयाबीन, मीठ, आणि कोजी नावाची बुरशी धरलेला तांदूळ, हे कालवून, दाबून, वर दगड ठेवून महिनोन्महिने मुरवायचं. कोजी मुलाने आणली. बरणीवर जिभाऊंनी तारीख, वजन आणि ‘लॉट क्र. १’ अशी चिठ्ठी लावली आणि ती जिन्याखाली ठेवली. गरमीत मुरवण लवकर होतं; आमच्या एका उन्हाळ्यात ते गडद तपकिरी झालं. वास आला तेव्हा काकूंनी आधी उंदीर शोधला. मग जिभाऊंनी कोंबु, म्हणजे समुद्री शेवाळाची वाळकी पट्टी, पाण्यात भिजवून त्या पाण्यात मिसो कालवला. (जपानी लोक बहुतेक वेळा यात वाळवलेल्या माशाचे पापुद्रेही टाकतात. जिभाऊ माळकरी. माशाचं नाव त्यांनी घरात ‘ते दुसरं’ असं ठेवलं आहे.) सूप आम्ही प्यायलो. खारट, दाट, बरं होतं. शेवटी मागून एक ठसका आला. जगात मिसोचे पुष्कळ प्रकार आहेत, पण खोलीची चव लागलेला हा एकच असावा.

उमेबोशीला इतकाही वेळ लागला नाही. उमे हे जर्दाळूच्या नात्यातलं आंबट फळ. ते मिठात मुरवून, शिसोच्या लाल पानांनी रंगवून तीन दिवस उन्हात टाकतात. जिभाऊंनी त्याऐवजी बाळकैऱ्या घेतल्या. तीन दिवसांचं ऊन हा जपानी हिशेब. आमच्या गच्चीवर पहिल्याच दुपारी त्या सुरकुतल्या, दुसऱ्या दिवशी वाजायला लागल्या, पण पुस्तकात तीन दिवस म्हटलंय म्हणून जिभाऊंनी तिसराही पुरा केला. मग त्या अडकित्त्याने फोडाव्या लागल्या. धडगावकडे डोंगरातल्या आदिवासी बायका उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात. काकूंनी जिभाऊंचा माल खलबत्त्यात कुटला आणि सरळ धडगावच्या आमचुराच्या डब्यात ओतला. दुसऱ्या दिवशी त्या डब्यावर चिठ्ठी लागली: ‘उमेबोशी, भुकटी’.

ओचाझुके एकट्याने मात्र घरात चूल मांडली. उरलेला भात, वर लोणचं नाहीतर खारवलेलं काही, आणि त्यावर गरम हिरवा चहा, झालं. जिभाऊ इंद्रायणीच्या भातावर हे करतात, कारण तो जरा चिकट असतो. पहिल्यांदा केलं तेव्हा ते खाता खाता गप्प झाले. त्यांचे वडील रात्रीची भाकरी सकाळी चहात कुस्करून खात. जिभाऊ कॉलेजात होते तेव्हा मित्र घरी आले की ते वडिलांची वाटी आत नेऊन ठेवत. हे मला काकूंनी सांगितलं, जिभाऊंनी नाही. जिभाऊ हल्ली आठवड्यातून एकदा ओचाझुके खातात आणि त्या वेळी काही समजावून सांगत नाहीत. त्यांच्या घरी गप्प जेवायचं असेल तर तो दिवस विचारून जावं.

काकूंचा स्वतःचा एक चहा आहे. जपानात हिरव्या चहात भाजलेला तांदूळ घालून गेनमाइचा करतात. काही दाणे फुटून लाही झालेले असतात. नागपंचमीच्या उरलेल्या ज्वारीच्या लाह्या काकूंनी जुन्या सेन्चात टाकल्या आणि वर उकळतं पाणी ओतलं. अंश विचारायचं काम नाही. जिभाऊ दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना म्हणाले, “हा आमचा खान्देशी गेनमाइचा, बरेच प्रयोग करून काढला.” काकू आतून फक्त खाकरल्या.

जिभाऊ पुण्याला लेकीकडे गेले की सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जातात. ओकायामाच्या कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे. तिथल्या पुलावर उभं राहून ते फिरायला आलेल्या पुणेकरांना पाणी, दगड आणि झाड यांच्या जागा अशाच का, हे सांगतात. पुणेकराला पुण्यात जाऊन काहीतरी समजावून परत सुखरूप नंदुरबारला येणारा हा माझ्या माहितीतला एकच माणूस. त्यामुळे गेल्या दिवाळीला मुलगा आला तेव्हा जे झालं त्याचं मला नवल वाटलं नाही.

फराळाच्या वेळी मुलगा सहज म्हणाला, “आबा, मी तिकडे ग्योकुरो कधी प्यायलोच नाही.”

“मग काय पितोस?”

“स्टेशनवर मशीन असतं. नाणं टाकलं की चहाची बाटली येते. हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात गार. ऑफिसात सगळे तेच पितात. नाहीतर कॉफी.”

“गरम म्हणजे किती अंश?”

“तसं लिहिलेलं नसतं बाटलीवर.”

जिभाऊंनी हातातली चकली ताटात ठेवली. “तू चुकीच्या ठिकाणी राहतोस,” म्हणाले.

मग भाऊबीजेपर्यंत मुलाचं शिक्षण झालं. जिन्याखाली बसवून जिभाऊंनी त्याला वाटी कशी धरायची, कुठल्या बाजूने फिरवायची, चित्राकडे आधी बघायचं की फुलाकडे, सगळं दाखवलं. मुलगा निमूट बसे. एकदा म्हणाला, “आबा, हे शिकायला तिकडे लोक वर्षानुवर्षं गुरूकडे जातात.” जिभाऊ म्हणाले, “तुला घरबसल्या मिळतंय.” मुलगा शिंकला.

जाताना परतफेड म्हणून काही द्यायला हवं होतं. जिभाऊंच्या वाचनात आलं होतं, की मिरची जपानलाही सोळाव्या शतकातच पोहोचली, आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणली त्याच काळात, आणि १६२५ साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, यागेनबोरीला शिचिमी विकायला सुरुवात झाली. शिचिमी म्हणजे सात जिनसांची पूड: लाल मिरची, संत्र्याची साल, तीळ, खसखस असलं काही, आणि सान्शो नावाची जीभ बधिर करणारी फळं. हे सान्शो आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या कुळातलं. जिभाऊंनी मालवणच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून तिरफळं मागवली, नागपुरी संत्र्याची साल वाळवली, पथारीवरची निवडक मिरची घेतली आणि नंदुरबारी शिचिमी केली. काकूंनी चाखली. “चटणी झाली,” म्हणाल्या, “लसूण ऱ्हायना.” लसूण पडला. जिनसा आठ झाल्या. जिभाऊंनी संत्र्याची साल आणि तिचा पांढरा भाग एकच धरून हिशेब सातवर आणला.

मुलाच्या साहेबांसाठी पाकीट बांधलं आणि आत सूचनांचा कागद घातला. कोरडी वरून घालायची असेल तर चिमूट. जपानी माणसाला अर्धी चिमूट. डोळ्याला हात लावू नये. आणि खरी चव हवी तर कढत तेलात घालून भातावर ओतावी, सोबत खिडकी उघडी ठेवावी. कागद चार पानांचा होता. तिसऱ्या पानावर नंदुरबार बाजार समितीचा थोडक्यात परिचय होता.

परवा मुलाचा फोन आला. साहेबांनी पूड वापरली, फार आवडली, घरातल्या सगळ्यांना शिंका आल्या, त्याचंही त्यांना कौतुक. सूचनाही त्यांनी कोणाकडून तरी भाषांतर करून घेऊन पूर्ण वाचल्या. फक्त एक शंका आहे, असं त्यांनी वाकून विचारलंय: कढत तेल म्हणजे नेमकं किती अंश?

जिभाऊंनी फोनवर हात धरला आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, “तेल कितलं तपाडस तू?”

“धूर निंघाले लागस तवर,” काकू म्हणाल्या.

जिभाऊंनी खिशातली नळी काढली, ११०च्या खुणेकडे बघितलं, परत ठेवली. मुलाला म्हणाले, दोन दिवसांत कळवतो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सोमवारी तू धुळ्याला जातोयस ना? त्या दुकानात विचार, अडीचशेपर्यंतची मिळते का. काच जाड बघून घे.”